डांबराचं सोवळं

आमच्या घरमालकांना डांबर चालत नसे. काही माणसांना कांदा-लसूण चालत नाही, तसं. रविवारी सायकलीचं चाक डांबराला लागू द्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. सोमवार ते शनिवार मात्र तीच सायकल त्याच डांबरावरून मकरपुऱ्याच्या कारखान्यात जाई. नवा भाडेकरू असताना मी एकदा ही विसंगती त्यांना दाखवून दिली. ते म्हणाले, "सहा दिवस पगारासाठी चालवतो. सातव्या दिवशी कशाला?"

रविवारी वाटेत डांबरी रस्ता आडवा आलाच, तर ते उतरत, सायकल खांद्यावर घेत, दोन्हीकडे बघून पलीकडे जात आणि तिला मातीत नेऊन ठेवत. ट्रकवाले थांबून विचारत, पंक्चर झालंय का. ते नाही म्हणत आणि पुढे काही सांगत नसत. माझ्यावर ही सक्ती नव्हती. मी सायकल ढकलत रस्ता ओलांडी. पलीकडे पोचलो की उष्ट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवलेल्या माणसाकडे बघावं, तसं ते माझ्याकडे बघत.

बाजार खुला झाल्याचं वर्तमानपत्रांनी जाहीर केलं, त्याच्या पुढच्या वर्षी मी साताऱ्याहून बडोद्याला आलो. एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला. समा भागातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. नोकरी कायम आहे का, मांसाहार करता का, पाहुणे किती येतात, या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो. घरमालकांनी, म्हणजे काकांनी, एकच विचारलं, "सायकल येते ने?" येते म्हटल्यावर काकूंनी आतून पाणी आणलं आणि माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. त्या दयेचा अर्थ मला पुढच्या सोमवारी वर्गात उभ्याने तास घेताना कळला, कारण बसवत नव्हतं.

त्यांच्या दिवाणखान्यात पणजोबांचा फोटो होता. पगडी, उपरणं, हातात काठी आणि मागे रस्त्यावर फिरवायचा दगडी रूळ. संस्थानात ते रस्त्यांचे ओव्हरसियर होते. आजोबाही त्याच खात्यात होते आणि वडील पुढे सरकारी बांधकामात. तीन पिढ्या रस्ते बांधण्यात गेल्या होत्या. चौथी ते चुकवण्यात चालली होती. वडिलांच्या श्राद्धाला जमलेले नातेवाईक हा विषय मुद्दाम काढत. एकदा कुणी तरी म्हणालं, "पणजोबा वर बसून काय म्हणत असतील?" काकूंनी पुरण वाढता वाढता सांगितलं, "म्हणत असतील, बरं झालं, सून तरी मिळाली. दुसरं कोण राहिलं असतं याच्याकडे?" मधुचंद्राचा विषय निघाला की काकू म्हणायच्या, "आमचा मधुचंद्र म्हणजे डबलसीट, थोराचे काटे आणि समोरून आलेला एक रेडा."

थोर म्हणजे निवडुंग, आणि हे काटे नेळियातले. आपल्याकडे पाणंद म्हणतात, तिला गुजरातेत नेळियुं म्हणतात. दोन्ही बाजूंना थोराचं कुंपण, मध्ये बैलगाड्यांनी शतकभर खोल केलेली वाट, वर झाडांची कमान. आजवा तलावाच्या पलीकडे, वाघोडियाच्या शेतांतून, असली नेळियां एकातून एक निघत जातात आणि पावागडचा डोंगर कधी डाव्या हाताला, कधी पाठीला, कधी चक्क समोर येतो. मला वाटे आपण चुकलो. ते म्हणत, "डोंगर काही हललेला नाही."

सायकल काळी, साधी, बिनगिअरची. टायर तेवढे दूधवाल्यांच्या सायकलींना घालतात ते जाड. पुढे बडोद्यात रंगीबेरंगी गिअरवाल्या सायकली आल्या, तेव्हा मी त्यांना रावपुऱ्यातल्या एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने मोठ्या अभिमानाने सांगितलं, अठरा गिअर. त्यांनी सायकल उचलून पाहिली, टायर दाबून पाहिला, आवडला. मग विचारलं, "बडोद्यात चढ कुठला?" दुकानदार विचारात पडला. त्यांनीच मदत केली, "एक रेल्वेचा पूल आहे. त्याला अठरा?"

ते कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांचे सुटे भाग काढून काढून त्यांची रेघ अशी झाली होती की वाण्याच्या यादीखालीसुद्धा ती पट्टीने मारल्यासारखी येई. रविवारच्या वाटांचा ते नकाशा करत होते. ट्रेसिंग पेपरवर, शाईने, जोडत जोडत. बडोद्यापासून जांबुघोड्याच्या जंगलापर्यंत, डांबराला चाक न लावता. एवढं एकच त्यांना आयुष्यात पुरं करायचं होतं. मापायची पद्धत त्यांची स्वतःची होती. मागच्या चाकाच्या एका स्पोकला पत्र्याची पट्टी लावलेली. चाक एकदा फिरलं की ती चिमट्याला लागून टिक वाजे. शंभर टिक झाले की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. शंभराच्या आत त्यांच्याशी बोलायचं नाही. मी पहिल्यांदा बोललो तेव्हा त्यांनी काहीही न म्हणता सायकल वळवली, मागच्या बाभळीपर्यंत गेले आणि तिथून पुन्हा मोजत आले.

त्या नकाशात दिल्ली-मुंबई महामार्ग नव्हता, पण एका कुत्र्याचं नाव होतं. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठलं फाटक पेरणीनंतर बंद असतं, कुठे मुरूम, कुठे भुकटी, कुठे नदीचे गोटे, हे सगळं बारीक, सुबक मराठी अक्षरात. कच्च्या रस्त्यांचे त्यांनी प्रकार पाडले होते आणि ते मनगटांवरून ठरत. या जमिनीवर मनगटाला मुंग्या येतात, त्या जमिनीवर कळ कोपरापर्यंत जाते, असं. कधी कधी ते एखादं वाक्य टाकत. "पाटी वाचून जाणाऱ्याला गावाचं नाव कळतं. विचारत जाणाऱ्याला गाव कळतं." आणि मग ते वाक्य मी उचललं का, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. मी बहुधा उचलत नसे. वाक्यांच्या बाबतीत मी तेव्हा फार काटकसरी होतो.

सुभानपुऱ्यातल्या काही तरुण अधिकाऱ्यांनी पुढे एक सायकल क्लब काढला. शिरस्त्राणं, काळे चष्मे, कोपराला संरक्षण. त्यांनी काकांना मार्गदर्शक म्हणून बोलावलं, हार घातला, भाषणं झाली. उद्देश, ध्येय, निसर्ग असे शब्द बरेच वापरले गेले. मग एकाने विचारलं, या मार्गाची अवघडपणाची पातळी काय धरावी. काका म्हणाले, "मोती बांधलेला असला तर सोपा." मोती हा तो कुत्रा. सगळे हसले. काका हसले नाहीत, कारण मोती खरोखरच सुटा असे. त्या रविवारी निघालेल्या चौदा जणांपैकी पाच मोतीपर्यंत पोचले आणि तिथूनच परतले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगताना मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण तिच्यात काकांचं चुकलं होतं आणि ते मला बराच काळ माहीत होतं.

जवळच्या वाटा मला दाखवून झाल्यावर काका मला त्यांच्या जुन्या, लांबच्या वाटांवर नेऊ लागले. प्रतापनगरहून सुटणाऱ्या छोट्या गाडीत गार्डच्या डब्यात सायकली टाकायच्या, बोडेलीला उतरायचं आणि तिथून वर जंगलाच्या बाजूला निघायचं. रेल्वे त्यांना चालत असे. रूळ म्हणजे डांबर नव्हे. तिथे महुडापुरा नावाचं चाळीसेक घरांचं गाव होतं. बोडेलीच्या सडकेपासून गावापर्यंत नऊ किलोमीटर कच्ची वाट. दोन कोतरं, म्हणजे पावसाने खोल कापलेल्या घळी, मग साग, मग मोहाची झाडं, आणि झाडांखाली लाल मुरूम. त्यांच्या सगळ्या नकाशात ही नऊ किलोमीटर त्यांना सर्वांत लाडकी. तिथे शिरलं की ते चिंचोके मोजतानाही गुणगुणत.

गावात पहिलं घर जमनाबेनचं. साठीची बाई, उंच, काटक, बोलायला सडेतोड. आम्ही गेलो की ती अंगणात खाट टाके, चहा करी आणि काकांना साहेब म्हणे. सगळं गावच साहेब म्हणे. मला वाटलं, शहरी माणसाला म्हणत असतील. मग लक्षात आलं की मला कुणी साहेब म्हणत नाही.

उलगडा काकूंनी केला. एकदा शिधापत्रिका शोधताना त्यांनी कपाटातून एक जाड फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "बघा तुमच्या काकांचा कारभार." आत महुडापुऱ्याचे अर्ज होते. गुजरातीतले, वहीच्या कागदांवरचे, खाली अंगठे. मा. साहेब, आमच्या गावाला पक्का रस्ता मिळावा. दर वर्षी एक. काकांनी प्रत्येकाला क्रमांक दिला होता, भोकं पाडून नीट लावला होता.

झालं होतं असं. सफेद अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पाठीवर ट्रेसिंगचे कागद ठेवलेली प्लास्टिकची नळी, चाकाला टिकटिक, आणि हा माणूस दर थोड्या वेळाने थांबून विचारतो, हा रस्ता कुठे जातो, पावसात इथे पाणी किती चढतं. गावाने काय समजायचं? सरकारने रस्ता मापायला माणूस पाठवला, असंच समजलं. मी बडोद्याला येण्याच्याही आधीपासून ते असं समजत होते.

मी त्यांना विचारलं, तुम्ही सांगत का नाही. ते पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, "पहिल्या वेळी सांगायचं राहिलं. दुसऱ्या वेळी चहा पिऊन झाला होता."

"आणि त्यानंतर?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, कारखान्यात त्यांना तीस वर्षांत कुणी साहेब म्हटलं नाही. आता तर ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आले होते. काल लागलेली पोरं बटणं दाबून रेघा मारत होती, आणि काकांना जुने नकाशे सांभाळायला तळघरात बसवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी ऐच्छिक निवृत्ती घेतली. निरोप समारंभात त्यांच्या रेघेची फार स्तुती झाली. त्यांचं जुनं ड्रॉइंग बोर्ड भंगारात निघालं होतं, ते त्यांनी मागून घेतलं आणि हातगाडीवर घालून घरी आणलं.

मी त्यांना दोष दिला नाही. उदारीकरणात मनुष्यबळाची फेरवाटणी होते, असं मी वर्गात सांगत असे. ती अशी दिसते, हे मला माहीत नव्हतं.

पाऊस संपला की दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा निघायचो. त्या वर्षीही गेलो. जमनाबेनने खाट टाकली, चहा केला. तिची सून सविता ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. आधीच्या उन्हाळ्यात ती गरोदर होती. मला वाटलं बाळ आत निजलं असेल, म्हणून मी विचारायला तोंड उघडलं आणि काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

जमनाबेनने सांगितलं ते तूर निवडता निवडता, वर न बघता. श्रावणात रात्रंदिवस पाऊस होता. सविताचे दिवस भरायला अजून अवकाश होता, पण कळा सुरू झाल्या. बोडेलीहून जीप यायला तयार होती. पहिल्या कोतरापर्यंत आली आणि चिखलात रुतली. मग खाटेला बांबू बांधले आणि चौघांनी सविताला उचलून नेलं. नऊ किलोमीटरला पाच तास लागले. सविता वाचली. बाळ वाटेतच गेलं.

मग तिने पहिल्यांदा वर पाहिलं आणि विचारलं, "साहेब, आपणो कागळ क्यां सुधी पहोंच्यो?"

आपला कागद कुठपर्यंत पोचला. आवाजात राग नव्हता. बस कुठवर आली असेल, असं विचारावं तसं विचारलं. काका म्हणाले, बघतो. परतीच्या वाटेवर पट्टी टिकटिक करत होती, पण चिंचोका एकदाही या खिशातून त्या खिशात गेला नाही. गाडीत ते दाराशी उभे होते. डभोई गेल्यावर म्हणाले, "तो कागद आमच्या कपाटापर्यंत पोचला."

पुढच्या रविवारी ते फाइल घेऊन निघाले. काकू म्हणाल्या, एकटे जाऊ नका, मारतील. म्हणून मी गेलो. माझा कुणाला धाक वाटेल, असा काकूंचा समज का होता कोण जाणे.

जमनाबेनच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. सरपंच मोडक्या गाडीच्या जुवावर बसला. साहेबांनी फाइल आणलेली बघून सगळे खूश होते. काकांनी अकरा अर्ज खाटेवर एकाखाली एक मांडले आणि गुजरातीत सांगितलं की मी सरकारी माणूस नाही, कधी नव्हतो, हे कागद माझ्या घरी पडून होते, माझी चूक झाली. हात जोडले. आवाज कापत नव्हता. कान मात्र लाल झाले होते.

हालोलच्या कारखान्यात जाणारा एक तरुण होता, त्याने विचारलं, "तो पछी काका, तमे मापता'ता शुं?"

मग तुम्ही मापत होतात ते काय? काका खोटं बोलू शकले असते. त्यांनी खरं तेच सांगितलं. शौक म्हणून मापत होतो. मला कच्चे रस्ते आवडतात.

हे वाक्य समाच्या दिवाणखान्यात मी पन्नास वेळा ऐकलं होतं आणि तिथे ते बरं वाटे. त्या अंगणात, त्या खाटेसमोर, ते ऐकवत नव्हतं. कुणी तरी खालच्या आवाजात म्हणालं की अकरा वर्षं आम्ही यांना चहा पाजला. सरपंच उठला, अर्ज गोळा करायला लागला. तरुण म्हणाला की यांची सायकल ठेवून घ्या, चालत जाऊ दे, रस्ता आवडतो ना. दोघंतिघं हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. सविता ओट्यावर होती, ती उठून आत गेली. काकांनी एवढं सगळं ऐकून घेतलं होतं. ती उठली तेव्हा मात्र त्यांनी मान खाली घातली.

मग जमनाबेन पुढे आली. तिने सरपंचाच्या हातातले अर्ज काढून घेतले, काकांच्या मांडीवर ठेवले आणि विचारलं, "नकशो दोरतां तो आवडे छे ने?"

नकाशा काढता तर येतो ना. काका म्हणाले, येतो.

"तो दोरो."

त्यापुढचे पाच रविवार आम्ही नऊ किलोमीटर मापली. या वेळी पट्टी नाही, चिंचोके नाहीत. टेप, खुंट्या, पाण्याची पारदर्शक नळी. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्या हालोलवाल्या तरुणाच्या. तो पहिल्या दिवशी कामापुरतं बोलत होता, तिसऱ्या रविवारी काकांना म्हातारा म्हणून चिडवायला लागला, तेव्हा मला बरं वाटलं. साहेब आता कुणी म्हणत नव्हतं. जमनाबेन भाई म्हणे.

भंगारातून सोडवलेल्या बोर्डावर काकांनी रस्ता काढला. कोतरांवर मोऱ्या कुठे हव्यात, पाणी कुठल्या बाजूने येतं, कुठे तुंबतं, किती दिवस राहतं, अकरा पावसाळ्यांची माहिती त्यांच्याकडे होती. ती शौक म्हणून जमवली होती, पण म्हणून काही खोटी नव्हती. मी रोज संध्याकाळी कॉलेजातून आलो की बोर्डाशी उभा राहून बघे. आपल्या सर्वांत लाडक्या वाटेवर ते डांबर अंथरत होते आणि रेघ जराही हलत नव्हती.

एके ठिकाणी मात्र मी अडलो. गावाच्या अलीकडे वाटेवरच मोहाची सात जुनी झाडं होती. सरळ रस्ता नेला तर ती जाणार. काकांनी तिथे रस्ता उत्तरेकडून वळवला होता आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं की झाडांखालची जमीन पोची, म्हणजे मऊ, पावसात खचते. त्या जमिनीवरून मी कैक वेळा सायकल मारली होती. कळ कोपरापर्यंत जाते असं त्यांनी वर्णन केलेली तीच ती जमीन.

मी म्हटलं, "काका, इथे तर कडक मुरूम आहे."

"चहा घेणार ने?" ते म्हणाले.

त्या सुमारास खेड्यांना रस्ते देण्याची कुठली तरी योजना आली होती आणि प्रत्येक गाव अर्ज घेऊन धावत होतं. बाकी गावांकडे अंगठे होते. महुडापुऱ्याकडे अंगठे आणि नकाशा होता. सरपंच सांगत होता की तालुक्याच्या इंजिनिअरने नकाशा उलगडला, पुन्हा पुन्हा पाहिला आणि विचारलं, हा कुठल्या कंपनीकडून करून घेतला? सरपंचाने सांगितलं, आमचे एक भाई आहेत. तरीही दोन पावसाळे गेले. मंजुरी, टेंडर, खडीचे ढीग, पुन्हा काही नाही, पुन्हा खडी. तिसऱ्या उन्हाळ्यात रस्ता झाला.

रविवारच्या उद्घाटनाला आम्हाला निमंत्रण होतं. मांडव, लाउडस्पीकर, लाल फीत, आणि संगमरवराच्या पाटीवर अकरा नावं, ज्यांतल्या एकानेही ही वाट कधी पाहिली नव्हती. काकांचं नाव नव्हतं. ते असतं तर त्यांनाच लाज वाटली असती. मुख्य पाहुणे यायला तीन तास उशीर झाला. तोवर कुणाच्या तरी शेळ्या फितीखालून निघाल्या आणि नव्या रस्त्यावरून रमत-गमत गेल्या. उद्घाटन झालं ते तेवढंच नीट झालं. पुढची भाषणं मी वर्गात ऐकवतो त्याहून वाईट होती.

माणसं जेवायला बसल्यावर काका सायकलीपाशी गेले. येताना त्यांनी कडेची माती धरली होती. रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले. मग चाक डांबरावर ठेवलं, बसले आणि निघाले. मी मागे.  मोहाच्या झाडांशी रस्ता डौलात वळला. बोडेलीच्या सडकेला लागलो तेव्हा मी विचारलं, कसा वाटला.

"चांगला झालाय," ते म्हणाले. मग तळहात उघडून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "मनगटांना काही कळत नाही एवढंच."

बडोदे ते जांबुघोडा हा नकाशा पुरा झाला नाही. महुडापुऱ्यानंतर आणखी दोन गावं नकाशा काढून मागायला आली. त्या गावांची कच्ची वाटही काकांनी स्वतःच्या हाताने पुसली.

त्याच वर्षी श्रावणात, एका दुपारी, मी खाली त्यांच्याकडे बसलो होतो. बाहेर झड लागली होती. सविताला पुन्हा दिवस गेलेत, हे आम्हाला माहीत होतं. गेला आठवडाभर पाऊस थांबला नव्हता, त्यामुळे काका पेपर हातात धरत, वाचत नसत. फोन वाजला. काकांनी उचलला आणि कानापासून हातभर लांब धरला. पलीकडे जमनाबेन होती. आपल्या आवाजाला फोनची मदत आहे, यावर तिचा विश्वास नसावा. बोडेलीहून बडोद्यापर्यंत आवाज आपणच पोचवायचा, अशा हिशेबाने ती बोलत होती. त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

जीप थेट दारात आली. अर्ध्या तासात बोडेली. दोघं सुखरूप. हे तिने पहिल्या श्वासात सांगितलं. काका नुसतं हो, हो म्हणत होते. त्यांनी दुसरा हात भिंतीला टेकला होता.

मग तिचा सूर बदलला. रस्ता सगळा सरळ, मग मोहाच्या झाडांपाशी ते वळण कशाला काढलं? जीप वळली आणि सविता अशी ओरडली की ड्रायव्हरनेच ब्रेक मारला. नकाशात काय लिहिलंत ते सरपंचाने वाचून दाखवलंय मला. जमीन पोची म्हणे. "त्यां तो पथरा जेवी जमीन छे, भाई."

दगडासारखी जमीन आहे तिथे. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पावसाकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. फोन तोंडाशी नेऊन ते हळूच म्हणाले, की जमनाबेन, हे कुणाला सांगू नका.

 मग ती म्हणाली, आणि या वेळी ओरडली नाही, तरी ऐकू आलं, "अगियार वरस तमे ना बोल्या. हवे अमे नहीं बोलीए."

अकरा वर्षं तुम्ही बोलला नाहीत, आता आम्ही बोलणार नाही. फोन ठेवून काका खुर्चीत बसले. चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. काकू आतून पदराला हात पुसत आल्या.

"मुलगा की मुलगी?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढं बोलणं झालं आणि ते विचारायचं राहिलंच होतं.

"धन्य," काकू म्हणाल्या. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी तो काकूंनीच उचलला.